आफ्टरकूलर फ्लश करून पुन्हा भरणं: मोजून काढा, मोजून भरा

गेल्या एप्रिल-मेमध्ये नाशिकच्या अंबडजवळच्या माझ्या शेडमध्ये एकाच तक्रारीच्या तीन गाड्या आल्या. "भाऊ, कूलंट बदललं तेव्हापासून कसारा घाटात गाडी दम टाकते." तिन्ही गाड्यांचं काम वेगवेगळ्या ठिकाणी झालेलं, चूक मात्र जवळपास एकच. इंजिनचं कूलंट नीट बदललेलं होतं आणि आफ्टरकूलरच्या, म्हणजे टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागाच्या, सर्किटमध्ये हवा तशीच अडकून बसली होती. त्यातल्या एकीत तर कूलंट नावालाच होतं, बाकी सगळं नळाचं पाणी.

काम अवघड नाही. घरच्या पार्किंगमध्ये एका रविवारी होऊन जातं. पण क्रम मोडला की बिघडतं, आणि दोन ठिकाणी हमखास पाय घसरतो: फ्लशनंतर, म्हणजे आतून धुतल्यावर, आत उरलेलं पाणी हिशेबात धरत नाहीत, आणि हवा आपली आपण निघेल असं गृहीत धरतात. त्या दोन टप्प्यांवर मी जास्त लिहिलंय. बाकीचे पटकन उरकलेत.

## आधी बघा: तुमच्या गाडीत हे सर्किट आहे का?

टर्बो किंवा सुपरचार्जर हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. उन्हाळ्यात ३५ अंशांनी आत आलेली हवा पूर्ण बूस्टला शंभर अंशांच्या पुढे जाते. ती इंजिनात शिरण्याआधी थंड करणारा भाग म्हणजे आफ्टरकूलर. कारवाले त्याला सर्रास इंटरकूलर म्हणतात, जनरेटर आणि मोठ्या मशिनवर हात बसलेले मिस्त्री आफ्टरकूलर म्हणतात. वस्तू एकच.

ती दोन तऱ्हांची असते. बहुतेक डिझेल गाड्यांत पुढच्या बंपरमागे किंवा इंजिनवर जाळीदार कूलर असतो, त्याला मनगटाएवढे दोन जाड पाइप असतात आणि तो वाऱ्यावर थंड होतो. त्यात कूलंट नसतंच. दर उन्हाळ्यात एखादा तरी त्याचं "कूलंट बदलायचंय" म्हणून येतो. त्याला चहा पाजून परत पाठवतो.

दुसरी तऱ्हा पाण्यावर चालणारी. फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.४ आणि १.० टीएसआय इंजिनांत कूलर इनटेक मॅनिफोल्डमध्येच, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या जोडातच, बसवलेला असतो. बीएमडब्ल्यूच्या बी५८ इंजिनातही तसंच. ऑडीच्या ३.० सुपरचार्ज्ड व्ही-सिक्समध्ये तो सुपरचार्जरच्या पोटातच असतो. अशा गाड्यांत मुख्य रेडिएटरशिवाय एक छोटा रेडिएटर आणि एक इलेक्ट्रिक पंप असतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

या दुसऱ्या तऱ्हेतही एक फाटा आहे, तो मॅन्युअलमध्ये बघून घ्या. काही गाड्यांत आफ्टरकूलरच्या सर्किटला स्वतंत्र टाकी असते. काहींत टाकी एकच असते आणि दोन्ही सर्किटं बारीक भोकांनी एकमेकांना जोडलेली असतात. ती भोकं फक्त भरण्यापुरती आणि हवा निघण्यापुरती. टाकी एकच असेल तर दोन्ही सर्किटं एकत्रच रिकामी करा. नाहीतर नवं कूलंट जुन्यात मिसळणार.

## टप्पा १: सामान आणि गाडी थंड करणं

गाडी आदल्या रात्री लावून ठेवा आणि सकाळी सातला कामाला लागा. "तासभर झाला, थंड झाली असेल" हे इथे चालत नाही. बऱ्याच टर्बो गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही इलेक्ट्रिक पंप काही मिनिटं चालत राहतो आणि पुढचा पंखाही मनात येईल तेव्हा फिरतो. किल्ली खिशात नको, घरात ठेवा. बिनकिल्लीची गाडी असेल तर रिमोट नुसता जवळ आला तरी गाडी जागी होते.

हाताशी काय लागेल:

जॅक आणि दोन पक्के स्टँड. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा. एक मोठं प्लास्टिकचं घमेलं, लिटरच्या खुणा असलेला मग, स्प्रिंग क्लिपची पक्कड, अंडरकव्हरच्या स्क्रूला बसतील असे टॉर्क्स बिट, हातमोजे, चष्मा, फनेल, मीटरभर पारदर्शक नळी. ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र, हवाच, आणि पंप चालू करण्याची सोय असलेला हवा. नुसते कोड वाचणारा स्वस्त डोंगल तापमान दाखवेल, पण बऱ्याचदा पंप फिरवणार नाही. मित्राकडून एका दिवसापुरता मागून आणा.

कूलंट कॉन्सन्ट्रेट घ्या, तयार मिसळलेलं नको. कारण सहाव्या टप्प्यात येतं. सोबत १५ ते २० लिटर डिस्टिल्ड किंवा डीएम पाणी, म्हणजे दुकानात "बॅटरीचं पाणी" म्हणून ५ लिटरच्या कॅनमध्ये मिळतं तेच. बोअरचं पाणी अजिबात नको. आपल्या काळ्या खडकातलं पाणी क्षारांनी जड असतं आणि कूलरच्या नळ्या काडीएवढ्या बारीक असतात. घरच्या आरओचं पाणी चालेल का, हे मला आठवड्यातून एकदा तरी विचारतात. त्यात थोडे क्षार उरतात आणि ते किती, हे घरागणिक बदलतं. चार पैशांसाठी कशाला जुगार खेळायचा?

सावधान: कूलंट रंगावरून घेऊ नका. हिरवं, गुलाबी, जांभळं हा निव्वळ रंग आहे आणि प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने घालते. मॅन्युअलमधला स्पेसिफिकेशन नंबर कॅनवर छापलेला हवा. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत तो टीएल ७७४ आणि त्यापुढे एक अक्षर असा असतो. जुन्या तऱ्हेचं सिलिकेटवालं हिरवं आणि नव्या सेंद्रिय आम्लाचं कूलंट एकत्र आलं, तर गंज रोखणारी द्रव्यं लवकर संपतात आणि कधीकधी जेलीसारखा गाळ धरतो. बारीक नळ्यांच्या कूलरला तो गाळ म्हणजे घशात अडकलेला घास.

## टप्पा २: खोलण्याआधी जुन्याची तपासणी

हा टप्पा लोक गाळतात आणि नंतर पस्तावतात.

आदल्या दिवशी गाडी हायवेला नेऊन स्कॅनरवर इनटेक हवेचं तापमान बघा आणि कागदावर लिहून ठेवा. बाहेर किती, स्थिर वेगात किती, जोर दिल्यावर किती, सोडल्यावर किती वेळात उतरलं. काम झाल्यावर तुलनेला दुसरं काही नसतं.

सकाळी गाडी थंड असताना टाकीचं झाकण उघडून थोडं कूलंट काचेच्या बाटलीत घ्या आणि तासभर उजेडात ठेवा. नुसतं फिकं पडलं असेल तर काळजी नाही. तळाला तांबूस गाळ बसला तर फ्लश दोनदा करावा लागेल. वर तेलाचा तवंग आला तर इथेच थांबा. तेल आलं कुठून, ते शोधल्याशिवाय नवं कूलंट ओतणं म्हणजे पैसे गटारात ओतणं.

तपासा: टाकीतली पातळी दर महिन्याला उतरते, पण खाली कुठेच थेंब दिसत नाही, असं आहे का? सकाळी स्टार्ट करताना इंजिन क्षणभर अडखळतं, पांढरा गोडसर वासाचा धूर येतो? असं असेल तर आफ्टरकूलर आतून गळत असण्याची शक्यता आहे आणि कूलंट थेट सिलिंडरच्या वाटेला लागलंय. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पुरेसं साठलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. अशी गाडी स्टार्ट न करता आधी प्रेशर टेस्ट करून घ्या.

## टप्पा ३: रिकामं करणं

पुढची दोन चाकं उचला, स्टँड लावा, अंडरकव्हर काढा. छोटा रेडिएटर बहुतेक गाड्यांत मुख्य रेडिएटरच्या पुढे असतो. त्याचा सगळ्यात खालचा होज शोधा आणि घमेलं त्याखाली सरकवा.

टाकीचं झाकण अजून बंदच ठेवा. आधी खालचा होज सैल करा. झाकण बंद असलं की धार मंद येते, घमेलं नीट सरकवायला वेळ मिळतो. धार घमेल्यात पडायला लागली की झाकण हळूहळू उघडा, मग सगळं भसाभस येतं. उलट केलं तर पहिलं अर्धा लिटर कोपरापर्यंत बाहीत जातं. अनुभव आहे.

होज निघत नसेल तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. रेडिएटरचं तोंड प्लास्टिकचं असतं, पाच-सहा वर्षांच्या उन्हाने ठिसूळ झालेलं असतं. क्लिप पक्कडीने दाबून मागे सरकवा, होज मुठीत धरून ओढायच्या आधी पिळा. डावीकडे, उजवीकडे. चिकटलेलं रबर सुटताना बारीक "चर्र" असा आवाज येतो. तो आला की मग ओढा. नाहीच आला तर होजवर कोमट पाण्यात भिजवलेली चिंधी पाच मिनिटं गुंडाळून ठेवा.

काही गाड्यांत क्लिपऐवजी तारेचं लॉक असलेला क्विक कनेक्टर असतो. तार फक्त खट्ट होईपर्यंत वर ओढायची, पूर्ण काढायची नाही. ती उडून अंडरकव्हरच्या भोकातून खाली गेली की अर्धा तास शोधण्यात जातो.

आता मोजा. घमेल्यातलं सगळं मगाने मोजत झाकणाच्या कॅनमध्ये भरा आणि आकडा लिहा. समजा मॅन्युअलप्रमाणे सर्किटमध्ये ४ लिटर मावतं आणि निघालं अडीच लिटर. उरलेलं दीड लिटर कूलरमध्ये, पंपात आणि होजच्या वळणांत बसलंय.

सावधान: कूलंट चवीला गोड आणि विषारी असतं. गल्लीतली कुत्री-मांजरं ते चाटतात आणि त्यांची किडनी जाते. लहान मुलांनाही तितकाच धोका. घमेलं उघडं ठेवून चहाला जाऊ नका. सांडलेलं भरपूर पाण्याने धुवा.

## टप्पा ४: फ्लश

मधला एखादा वरचा होजही सोडा, म्हणजे छोटा रेडिएटर आणि आफ्टरकूलर वेगवेगळे धुता येतात. दोन्ही एकत्र धुतले तर रेडिएटरचा गाळ कूलरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो.

पाणी उलट्या दिशेने सोडा, म्हणजे कूलंट जिथून बाहेर पडतं तिथून आत. पहिल्या धुण्याला नळाचं पाणी चालेल, फक्त ते महापालिकेचं असू दे आणि बागेच्या पाइपने, मंद धारेने. बाहेर येणारं पाणी पांढऱ्या कपात घेऊन बघत राहा. कपाचा तळ स्वच्छ दिसेपर्यंत सोडा. त्यानंतर डिस्टिल्ड पाण्याचे दोन हात. हे दोन हात चुकवले तर नळाच्या पाण्यातला क्लोराइड आतच राहतो आणि ॲल्युमिनियमला टिकल्याटिकल्यांनी खातो.

आता कॉम्प्रेसरबद्दल. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरमध्ये सात-आठ बार दाब असतो. "एक फटका मारला की सगळं पाणी निघेल" म्हणून कितीतरी जण होजमध्ये गन घालतात. आफ्टरकूलर जास्तीत जास्त दीड-दोन बारच्या हिशेबाने बांधलेला असतो. त्याच्या आतला जोड बाहेरून दिसत नाही, तो फाटला तर गळती थेट इनटेकमध्ये. तोंडाने फुंका किंवा सायकलच्या पंपाने हलकेच हवा द्या. निघेल तेवढं निघेल. उरलेल्याचा हिशेब आपण करणारच आहोत.

फ्लशची औषधं? तेलकट गाळ असेल तरच, आणि बाटलीवर ॲल्युमिनियमला चालतं असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच. धुण्याचा सोडा, ॲसिड, बाथरूम क्लीनर यांच्या वाटेला जाऊ नका. सोडा लोखंडी भांड्याला चालतो, ॲल्युमिनियमला तो खातो. जुन्या जीपच्या रेडिएटरला वडिलांनी सोडा घातला होता, ही गोष्ट खरी असेल, पण तो रेडिएटर पितळेचा होता.

## टप्पा ५: पंपाची परीक्षा

सर्किट उघडं आहे तोवर पंप तपासून घ्या. नंतर कळलं तर सगळं पुन्हा काढावं लागतं. आफ्टरकूलरचं कूलंट इंजिनचा पंप फिरवत नाही. हा मुठीएवढा इलेक्ट्रिक पंपच फिरवतो. तो मेला तर गाडीचं टेंपरेचर मीटर ढिम्म हलत नाही. फक्त गाडी घाटात थकते.

बादलीत पाच लिटर डिस्टिल्ड पाणी घ्या. पंपाच्या ओढीच्या बाजूचा होज बादलीत बुडवा, परतीचा होज पारदर्शक नळीने त्याच बादलीत सोडा. आधी पंपात फनेलने पाणी भरा, मग स्कॅनरवरून पंप चालू करा. बोटभर जाडीची, न तुटणारी धार यायला हवी. धार मध्येच तुटत असेल किंवा पंप खडखडत असेल, तर पंख्यात गाळ अडकलाय किंवा बेअरिंग गेलंय. दहा मिनिटं चालू ठेवलं की फ्लशचा शेवटचा हातही होऊन जातो.

स्कॅनर नसेल आणि पंपाला दोनच पिना असतील, तर १० ॲम्पिअरचा फ्यूज घातलेल्या वायरने बॅटरीवरून चालवता येतो. तीन किंवा चार पिना असतील तर हात लावू नका. त्यातली एक पिन कंट्रोल युनिटच्या सिग्नलची असते, तिथे सरळ बारा व्होल्ट गेले की पंपातलं सर्किट जळतं.

सावधान: पंप कोरडा चालवू नका. त्याचं बेअरिंग कूलंटनेच ओलं राहतं.

पाणी पुन्हा काढा आणि पुन्हा मोजा. हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. आता सर्किटमध्ये जितकी जागा रिकामी आहे, तितकंच नवं आत जाणार आहे. होजची तोंडं तपासा, चिरलेलं असेल तर बदला. कनेक्टरचे ओ-रिंग चपटे झाले असतील तर नवे घाला आणि घालताना बोटाने थोडं कूलंट लावा, ग्रीस नको. सगळं जोडून टाका.

## टप्पा ६: मिश्रणाचा हिशेब

मी स्वतः पहिल्यांदा इथेच चुकलो होतो, म्हणून नीट सांगतो.

सर्किट ४ लिटरचं. शेवटी निघालं अडीच लिटर, म्हणजे दीड लिटर नुसतं पाणी आत आहे. मी दुकानातून ५०-५० तयार मिसळलेलं कूलंट आणलं आणि अडीच लिटर भरलं. त्या अडीच लिटरमध्ये ग्लायकॉल, म्हणजे कॉन्सन्ट्रेटमधला मुख्य द्रव, सव्वा लिटर. चार लिटरमध्ये सव्वा लिटर म्हणजे ३१ टक्के. कॅनवर ५० लिहिलेलं, गाडीत ३१. रंग मात्र छान गुलाबी, म्हणून कळलंच नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर टाकीच्या तोंडाशी तांबूस कडा धरली तेव्हा लक्षात आलं.

बरोबर हिशेब असा: ४ लिटरचे ५० टक्के म्हणजे २ लिटर कॉन्सन्ट्रेट. ते सगळंच्या सगळं या अडीच लिटरच्या जागेतून आत गेलं पाहिजे. म्हणून २ लिटर कॉन्सन्ट्रेट आणि अर्धा लिटर डिस्टिल्ड पाणी स्वच्छ कॅनमध्ये मिसळा, आणि हे अडीच लिटर भरा. आतलं दीड लिटर पाणी त्यात मिसळून आपोआप ५० टक्के होतं.

तपासा: निघालेलं पाणी एकूण मापाच्या निम्म्याहूनही कमी असेल, समजा ४ पैकी १.८ लिटरच, तर निव्वळ कॉन्सन्ट्रेट भरूनही ४५ टक्क्यांच्या पुढे जाता येत नाही. अशा वेळी आणखी एखादा खालचा होज सोडून पाणी काढा.

"आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, मग इतकं ग्लायकॉल कशाला?" निफाडला थंडीत पारा कितीही उतरला तरी गाडीतलं पाणी गोठत नाही, हे खरं. पण कूलंटचं आपल्याकडचं काम गंज रोखण्याचं आहे, आणि गंज रोखणारी द्रव्यं त्या ग्लायकॉलबरोबरच येतात. शिवाय नाशिक सहाशे मीटर उंचावर असल्यामुळे इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. काही गाड्यांत हेच सर्किट टर्बोलाही थंड करतं. जोरात आलेली गाडी एकदम बंद केली की टर्बोजवळचं पाणी उकळायला लागतं. म्हणून ४० टक्क्यांच्या खाली जाऊ नका. पण ६० च्या वरही नको, कारण ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही.

दिंडोरीचे एक बागायतदार त्यांची गाडी घेऊन आले होते. मी कूलंटमधल्या ग्लायकॉलचा टक्का मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढला तसा त्यांनी खिशातून स्वतःचा काढला, द्राक्षाची साखर बघायचा. "हा चालंल का भाऊ?" तत्त्व एकच आहे, द्रवातून प्रकाश किती वाकतो ते बघायचं. पण त्यावरची पट्टी ब्रिक्सची, साखरेची. तो आकडा कूलंटचा टक्का नाही. ग्लायकॉलची पट्टी असलेलाच घ्या, आणि द्राक्षाच्या मण्याला लावायचा तो कूलंटला लावूच नका. नंतर तोच जिभेजवळ जातो.

## टप्पा ७: भरणं

व्हॅक्यूम फिलर मिळाला तर निम्मी डोकेदुखी जाते. तो टाकीच्या तोंडावर बसवून कॉम्प्रेसरच्या हवेने सर्किटमधली हवा ओढतात, मग नळी कॅनमध्ये बुडवली की कूलंट आपण होऊन आत खेचलं जातं. होज चपटे होतात, घाबरू नका. काटा स्थिर झाल्यावर व्हॉल्व्ह बंद करून १० मिनिटं थांबा. काटा उतरला तर कुठेतरी गळती आहे, आधी ती शोधा.

इथे एक स्थानिक भानगड आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब १.०१ बार असतो, आपल्याकडे सुमारे ०.९४. त्यामुळे व्हिडिओत मुंबईचा माणूस जिथवर काटा नेतो, तिथवर नाशिकमध्ये तो जाणारच नाही. उणे ०.८ च्या आसपास येऊन तो तिथेच टिकला की पुरे. आणखी खेचायच्या नादात लोक फिलरचं रबर फाडतात.

फिलर नसेल तर गाडीचं नाक उचललेलंच ठेवा, म्हणजे टाकी सर्वांत उंच राहील. ब्लीड स्क्रू, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, असेल तर तो दोन आटे सैल करा. फनेलने बारीक धारेने ओता. घाईने ओतलं की कूलंट हवेला आत कोंडतं. पातळी वर आली की थांबा, होज हाताने दाबून सोडा, बुडबुडे येऊ द्या, पुन्हा ओता. ब्लीड स्क्रूमधून बुडबुड्याशिवाय कूलंट यायला लागलं की तो हलक्या हाताने आवळा. प्लास्टिकचा असतो, जोर लावला तर आटे जातात.

## टप्पा ८: हवा काढणं

अजून इंजिन स्टार्ट करू नका. स्कॅनरवरून पंप दोन मिनिटं चालवा, एक मिनिट बंद. पंप चालू असताना मोठे बुडबुडे फुटून पंपाच्या तोंडाशी जमतात, बंद केल्यावर ते वर चढतात. सतत चालवला तर तीच हवा गोल गोल फिरत राहते. असे पाच-सहा फेरे करा आणि प्रत्येक फेऱ्यात पातळी भरत जा.

कानाने ऐका. हवा असेपर्यंत पंपाचा आवाज वर-खाली होतो, गुळणी केल्यासारखा. हवा गेली की तो एकसुरी, दबका होतो. टाकीत परतीची बारीक धार पडताना दिसत असेल तर ती अखंड हवी.

मग इंजिन स्टार्ट करून १० मिनिटं आयडलवर ठेवा. इथे जवळपास प्रत्येकजण हीटर फुल करून बसतो. एप्रिलमध्ये घाम गाळत. हीटर इंजिनच्या मुख्य सर्किटवर असतो, स्वतंत्र टाकीच्या आफ्टरकूलरला त्याचा काडीचा उपयोग नाही. टाकी एकच असेल आणि मुख्य सर्किटही रिकामं केलं असेल, तरच हीटर लावा.

तपासा: स्कॅनर नसल्यामुळे पंप हवा तेव्हा चालवता येत नसेल, तर नुसत्या आयडलवर तो सुरू होईल याचा भरवसा नाही. बऱ्याच गाड्यांत तो बूस्ट आल्यावरच लागतो. असं काम अर्धवट समजा, आणि पुढच्या दोन दिवसांत कुणाकडून तरी स्कॅनरने हवा काढून घ्या. तोवर घाट नको.

## टप्पा ९: रस्त्यावरची परीक्षा

पाथर्डी फाट्यावरून हायवेला लागा, विल्होळीच्या पुढे वाडीवऱ्ह्यापर्यंत जाऊन या. शेजारी कुणीतरी बसवा आणि स्कॅनर त्याच्या हातात द्या. आदल्या दिवशीच्या कागदाशी तुलना करायची.

द्वारकेच्या ट्रॅफिकमध्ये इनटेकचं तापमान चढलं तर घाबरू नका, उभ्या गाडीत सगळंच तापतं. बघायचं ते हायवेला. जोर दिला की आकडा चढेल, ॲक्सिलरेटर सोडला की काही सेकंदांत उतरायला लागला पाहिजे. चढतच जात असेल आणि सोडल्यावरही वरच अडकून राहत असेल, तर कूलंट फिरत नाही. हवा आहे किंवा पंप लागत नाही.

परत आल्यावर इंजिन बंद करून छोट्या रेडिएटरच्या दोन्ही होजवर हाताची मागची बाजू ठेवा. आत जाणारा कोमट, बाहेर येणारा त्याहून थंड, हे बरोबर. एक चटका देणारा आणि दुसरा बाहेरच्या हवेइतका गार, तर मध्ये हवेचा गोळा बसलाय. टप्पा ८ पुन्हा.

रिफ्रॅक्टोमीटरची तपासणी याच वेळी, आधी नाही. भरल्या भरल्या टाकीतला थेंब घेतला तर आत न मिसळलेलं घट्ट कूलंटच हाती लागतं आणि आकडा फसवतो.

झाकण गरम असताना उघडू नका. पातळी दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी सपाट जागी असताना बघा. पहिल्या दिवशी पेलाभर उतरली तर चालेल, उरलेली हवा निघालीये. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही तितकीच उतरत असेल तर गळती शोधा. आधी तुम्ही सोडलेले होज, मग इनटेक.

## जुनं कूलंट

गटारात नाही. आपली गटारं नासर्डीला आणि वाघाडीला मिळतात, त्या गोदावरीला. पहिलं निघालेलं कूलंट आणि फ्लशचं पहिलं रंगीत पाणी झाकणाच्या कॅनमध्ये ठेवा, जळक्या ऑइलमध्ये मिसळू नका. मिसळलं की ऑइल घेणारा दोन्ही नाकारतो. ज्या वर्कशॉपमध्ये धोकादायक कचरा वेगळा उचलला जातो तिथे नेऊन द्या. कॅनवर मार्करने "कूलंट, विष" लिहा, कारण गुलाबी रंगाचं गोड पाणी घरात पडलेलं असतं आणि दिवाळीच्या साफसफाईत ते कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही.

टाकीच्या झाकणाजवळ एक स्टिकर लावा: तारीख, किलोमीटर, कूलंटचा स्पेसिफिकेशन नंबर, किती लिटर निघालं आणि किती भरलं. माझ्या गाडीवर आहे. पुढच्या वेळी जो कोणी बॉनेट उघडेल, त्याला दीड लिटर पाण्याचा हिशेब पुन्हा शोधावा लागणार नाही.